उन्हातली खुर्ची

ओल्या लोकरीचा, देवदाराच्या जळत्या ओंडक्यांचा आणि तापलेल्या चीजचा असा एक संमिश्र वास त्या हॉटेलच्या दालनात सदैव कोंदलेला असे. बाहेर मात्र कसलाच वास नव्हता. बाहेर होता नुसता प्रकाश. निळ्या आभाळातून हिमाच्छादित उतारांवर आदळणारा आणि तिथून अधिक धारदार होऊन डोळ्यांत शिरणारा. कतारचं ऊन मला परिचयाचं होतं. त्यात धूळ असते, समुद्राची खारट वाफ असते, ते खांद्यांवर ओझ्यासारखं बसतं. आल्प्समधल्या त्या धनाढ्य गावातलं ऊन निर्जंतुक होतं, वॉर्डातल्या उकळून ठेवलेल्या उपकरणांसारखं लखलखीत.

मी तिथे गेले ती परिचारिका म्हणून. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. दोह्याच्या एका रुग्णालयात छातीच्या विकारांच्या वॉर्डात मी नोकरी करत होते. माझे पती बांधकामाच्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते आणि आमचं बिऱ्हाड शहरातल्या नजमा वस्तीत दोन खोल्यांत होतं. उम्म जासिम, म्हणजे जासिमची आई, त्या वॉर्डात वरचेवर दाखल होत. दोह्याबाहेरच्या उम्म सलाल मोहम्मद या गावी त्यांचं घर, मागे खजुरीची बाग. वाळूचं वादळ उठलं की त्यांचा दमा उसळायचा. मला येणाऱ्या अरबीतली निम्मी मी त्यांच्या उशाशी बसून शिकले. त्या मला ‘बिन्ती’ म्हणत, माझी मुलगी. डॉक्टरांनी त्यांना कोरड्या डोंगरी हवेत, भरपूर उन्हात काही आठवडे राहायला सांगितलं, तेव्हा सोबत मला न्यायचं ठरलं. जासिमचं तिथे काम होतंच. वातानुकूलन यंत्रं बनवणारे त्याचे युरोपीय भागीदार दर हिवाळ्यात त्या गावी बर्फावर घसरायला जमत.

हॉटेलला दक्षिणेकडे एक प्रशस्त सज्जा होता. नाश्ता झाला की उम्म जासिम तिथे येऊन वेताच्या लांब खुर्चीत बसत. अंगावर काळा अबाया, त्यावर मी पांघरलेली घोंगडी, आणि चेहऱ्यावर बतूला. त्यांच्या पिढीतल्या बायका घालतात तो, नाक आणि गाल झाकणारा, निळसर सोनेरी झाक असलेला कापडी मुखवटा. अबायाच्या घड्यांतून ऊदाचा मंद सुगंध येई. पहिल्या काही दिवसांतच त्यांच्या श्वासातली घरघर ओसरू लागली. समोरच्या उतारावर पायांना पट्ट्या बांधून घसरणारी माणसं त्या लहान मुलीच्या कुतूहलाने न्याहाळत.

“हे लोक पाळण्यात बसून वर जातात आणि लगेच खाली येतात. वर काय आहे, बिन्ती?”

“काही नाही. बर्फच आहे.”

“मग पुन्हा कशाला जातात?” आणि बतूल्याआड त्या इतक्या हसत, की पूर्वी त्या हसण्याचं पर्यवसान हमखास खोकल्यात झालं असतं.

एका सकाळी हॉटेलचा मॅनेजर मला बाजूला घेऊन बोलू लागला. त्याची इंग्रजी मखमली होती. बाईसाहेबांचा मुक्काम सुखाचा व्हावा एवढीच त्याची इच्छा होती. पण सज्ज्यावरचे काही पाहुणे अस्वस्थ होतात, मुलं त्या मुखवट्याला भितात, तेव्हा बाईसाहेबांनी आपल्या खोलीतच विश्रांती घेतली तर? जेवणही वरच पाठवता येईल. तो बोलत असताना त्याच्या खांद्यामागून माणसांचा एक घोळका दालनात शिरत होता. त्यांच्या डोळ्यांवर हाताएवढे काळे चष्मे होते, भुवयांपर्यंत ओढलेल्या लोकरी टोप्या होत्या, तोंडावर गुंडाळलेले रुमाल होते. कोणाचाही चेहरा दिसत नव्हता आणि कोणालाही त्याची भीती वाटत नव्हती.

“खोलीत ऊन येत नाही,” मी म्हटलं. “आणि ऊन हेच त्यांचं औषध आहे.”

“त्यांच्या मुलाशी माझं बोलणं झालंय,” तो म्हणाला. “त्यांची हरकत नाही.”

संताप असा पायांतून वर चढतो हे मला तोवर ठाऊक नव्हतं. मॅनेजरवर मी चिडले होतेच. पण तो परका होता, उद्धटपणा हा त्याच्या पगाराचाच एक भाग होता. जासिमला मी जिन्यापाशी गाठलं. सुरेख शिवलेला राखाडी सूट, गळ्यात रेशमी मफलर. त्याने माझ्याकडे न पाहताच इंग्रजीत सांगितलं, “सिस्टर, तिला सांगा, डॉक्टरांनी उन्हात बसायला मनाई केली आहे. थोड्या दिवसांचाच प्रश्न आहे. माझे भागीदार इथे आहेत, तुम्ही समजू शकता.”

मला समजत होतं, आणि म्हणूनच संताप येत होता. ज्या डॉक्टरांनी ऊन सांगितलं त्यांच्याच नावाने ते ऊन हिरावून घ्यायचं, आणि तेही माझ्या तोंडून. आईला फसवण्यासाठी या माणसाला भाषांतरकार हवा होता.

मी वर गेले आणि उम्म जासिमना जे घडलं ते जसंच्या तसं सांगितलं. माझ्या तुटपुंज्या अरबीत अपमान सौम्य करणारे शब्दच नव्हते. असते तरी मी ते वापरले नसते. त्या खिडकीबाहेरच्या सावलीतल्या दरीकडे पाहत राहिल्या.

“जासिम हो म्हणाला?”

“हो.”

त्या पलंगाच्या कडेला हात टेकून उठल्या, बतूल्याची दोरी घट्ट केली. “यल्ला, चल बिन्ती. ऊन कलेल.”

आम्ही सज्ज्यावर गेलो. त्या आपल्या खुर्चीत बसल्या आणि आमच्या भोवतीची टेबलं हळूहळू रिकामी होऊ लागली. कप उचलले गेले, फरचे कोट सावरले गेले, खुर्च्या मागे सरकल्याचे सौजन्यपूर्ण आवाज झाले. ती सभ्यता मला शिवीपेक्षा जहरी वाटली. दालनाच्या काचेमागे जासिम आपल्या भागीदारांबरोबर उभा होता. थोड्या वेळाने तो बाहेर आला, आईच्या समोरून वळसा घालून माझ्याजवळ वाकला आणि कुजबुजला, “प्लीज, तिला आत यायला सांगा.”

उम्म जासिम उतारावरची नजर न हलवता मला म्हणाल्या, “त्याला सांग, माझी भाषा त्याला येते.”

मी ते वाक्य इंग्रजीत त्याला ऐकवलं. शब्दन् शब्द, सावकाश.

त्याचा चेहरा कानांपर्यंत लाल झाला. काहीतरी बोलण्यासाठी त्याने ओठ उघडले, कोणत्या भाषेत ते त्यालाच ठरवता येईना, आणि तो आत निघून गेला.

मॅनेजर पुन्हा आमच्याकडे फिरकला नाही. भोवतीची टेबलं रिकामीच राहिली. उम्म जासिम रोज येत, रोज बसत. मुक्काम संपत आला तेव्हा एका दुपारी जासिम बाहेर आला, खुर्ची ओढून आईशेजारी बसला, आणि त्याने सज्ज्याच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात अरबीत विचारलं, “आई, थंडी वाजते का?” त्यांनी त्याच्यासाठी चहा ओतला, जेवलास का म्हणून विचारलं, बागेतल्या कुठल्याशा वाळत चाललेल्या खजुरीविषयी बोलल्या. एवढंच. मी वाट पाहत होते एका कठोर शब्दाची. तो आलाच नाही, आणि ती सहज क्षमा मला जवळजवळ अन्यायासारखी वाटली.

दोह्याला परतल्यावर जासिमने आईसाठी घरी दुसरी परिचारिका ठेवली. पण पुढच्या वादळात उम्म जासिम वॉर्डात आल्या आणि त्यांनी मलाच बोलावून घेतलं. श्वास जरा स्थिरावल्यावर मी न राहवून विचारलं, “त्या दिवशी तुम्हाला राग नाही आला?”

“आला ना. अजून आहे,” त्या म्हणाल्या. “पण पोरगा माझा आहे. रागावून जाऊ कुठे?” मग बतूल्याच्या चिरेतून माझ्याकडे रोखून पाहत म्हणाल्या, “तुझं सांग. तू कोणासाठी एवढी चिडली होतीस?”

मी सांगायला गेले, तुमच्यासाठी. पण तो सज्जा आठवला, मॅनेजरचे माझ्यावरून घसरत गेलेले डोळे, माझ्याकडे न पाहता बोलणारा जासिम. उम्म जासिमना त्या लोकांनी निदान ऊठ म्हटलं होतं. मला कोणी आत जा म्हटलं नव्हतं, कारण त्या उन्हात मीही आहे हे कोणाला दिसलंच नव्हतं.

मी त्यांचं मनगट हातात घेतलं. बोटांखाली त्यांची नाडी संथ चालली होती. धडधडत होती ती माझी.