तिसरी सवारी

माझी आत्या भाटघर धरणाच्या पाण्याच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहते. तिथं मोटरसायकल सगळ्यांत चांगली कोण चालवतं असं विचारा, म्हातारेकोतारेसुद्धा तिच्याकडेच बोट दाखवतील. रोज सकाळी साडीवर जुना शर्ट चढवून, गाडीच्या दोन्ही अंगांना कॅन बांधून ती सगळ्या वाडीचं दूध खाली डेअरीवर नेते. त्या उतारावर मागे बसलेली मी देवाचा धावा करत असते आणि आत्या निवांतपणे कुणाची म्हैस आटली ते सांगत असते. तिचे यजमान, म्हणजे आमचे मामा, यांना गाडी येत नाही. सायकलही येत नाही. ते मागे बसतात आणि हॉर्न कधी वाजवायचा ते मागून सांगतात.

तर या आत्याला ट्रिपल सीटचं चलान आलं. मी नसरापूरला नोकरी करते, त्यामुळे घरातले असले सगळे मेसेज वाचायला माझ्याकडे येतात. फोटो बाजूने काढलेला होता. पुढे हेल्मेट घातलेली आत्या, मागे मुंडासं बांधलेले मामा आणि मधे डोक्यावरून घोंगड्याची खोळ घेतलेलं कुणीतरी. ही मधली बाई कोण म्हणून मी विचारलं, तर मामांना हसू आवरेना. ती मेंढी होती.

त्याच आठवड्यात तिची लोकर कातरली होती. कातरलेली मेंढी वाऱ्याला उघडी पडते, आणि ही तर आधीच आजारी. नसरापूरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेताना मामांनी तिला स्वतःचं घोंगडं पांघरलं, डोक्यावरून खोळ केली आणि कवटाळून मधे बसवली. वाडीतल्या तापकरी माणसालाही ते असंच खाली आणतात. हायवेवरच्या हवालदाराला ती बाई दिसली, यात त्या बिचाऱ्याचा तरी काय दोष?

मी म्हटलं, भरून मोकळी हो. माझी स्वतःची चलानं मी तशीच दातओठ खात भरते. पण ट्रिपल सीट कबूल केलं तर तीन महिने लायसन जातं, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. दंडाचं तिला काही वाटत नव्हतं. लायसन गेलं तर वाडीचं दूध कोण नेणार, हा घोर होता. लायसन नसताना ती गाडीला हात लावणार नाही, हे आम्हाला पक्कं ठाऊक होतं. चलान तसंच राहिलं आणि शेवटी भोरच्या कोर्टाची तारीख आली.

त्या दिवशी मी एसटीने भोर गाठलं. ती दोघं गाडीवर आली, मामांच्या डोक्यावर कोरं करकरीत हेल्मेट. कोर्टाच्या आवारात मामांनी तोडगा काढला. गाडी मीच चालवत होतो असं सांगतो, हेल्मेटात आणि शर्टात कोण ओळखतंय, नऊवारीचा काष्टा तर धोतरासारखाच दिसतो, आणि माझ्याकडे लायसनच नाही तर ते जाणार कुठून? खरं सांगायचं तर मला तो पटला.

पुकारा झाला. न्यायाधीश बाई होत्या. गुन्हा कबूल आहे का, असं त्यांनी विचारलं. मामा पुढे सरकले तशी आत्याने त्यांना हातानेच मागे सारलं.

"गाडी मी चालवत हुते, मॅडम. ह्यांच्या डोक्याला हेल्मेट न्हवतं, ते कबूल. मेंढरू गाडीवर नेलं, ते बी चुकलंच. पर तीन माणसं न्हवती."

फोटोत तर तीन दिसतात, असं त्या म्हणाल्या.

"चपला बघा. माझी दिसती, ह्यांची दिसती. मधलीची कुठं हाय?"

त्यांनी फोटो मोठा करून डोळ्यांजवळ धरला. घोंगड्याच्या काठाखाली एक खूर लोंबत होता. मागच्या बाकावरचे लोक फिदीफिदी हसले. न्यायाधीश बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले आणि जरा वेळाने, जनावराला टेम्पो करत जा, असं बजावलं. हेल्मेटचा दंड झाला. ट्रिपल सीटचा आरोप काढून टाकला आणि लायसन वाचलं. मेंढी आता कशी आहे, असं त्यांनी जाता जाता विचारलं. बरी हाय, आत्या म्हणाली.

मला तिचा असा अभिमान वाटला की काय सांगू. खोटं अगदी हाताशी होतं, नवऱ्याने प्रेमाने पुढे केलेलं होतं. हिने मात्र आपल्याला जड जाणारं होतं तेच आधी सांगितलं, आणि मग हक्काचं मागितलं.

बाहेर आल्यावर मामा फुरंगटले. मी सगळं अंगावर घ्यायला निघालो होतो, मला का अडवलंस, म्हणाले. आत्या गाडीचं हँडल सरळ करत होती.

"लायसन गेलं असतं तर तीन महिन्यांनी माघारी आलं असतं. पर गाडी तुमी चालवत हुता असं कोर्टानं लिवलं असतं, तर ते कायमचं ऱ्हायलं असतं."

तिने गाडी सुरू केली, तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावून मामा मागे बसले.