सातूनहून परत आणलेला क्रूस

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरींच्या घड्या घालणं. इथं ऑस्ट्रेलियात, डार्विनला, ऑक्टोबर संपत आला की रोज दुपारी आभाळ भरून येतं, अंग नुसतं घामानं चिकट होतं आणि पाऊस काही पडत नाही. त्या दिवशी मात्र खरंच गडगडायला लागलं. ती अंगणात धावली, मागून मी. तिनं चादरीची दोन टोकं धरली, मी दोन. ओढायची, झटकायची, जवळ यायचं, टोकं तिच्या हातात द्यायची. मी नेहमीसारखा उलटा वळलो.

"सुतारा, गावभर छपरं ठोकलीस, पण चादरीचं टोक अजून सापडत नाही तुला."

"नर्सबाय, शिस्त हॉस्पिटलात लावा. आज माझी सुटी आहे."

शेवटची चादर खांद्यावर टाकून ती म्हणाली, "मृतांचा दिवस जवळ आला. शेडमधला क्रूस बाहेर काढ आणि आंब्याखाली रोव."

"आता पाऊस येतोय. सकाळी रोवतो."

"सकाळी नक्की?"

"सांगितलं ना."

त्या क्रूसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस. जमेल तसं लिहितो.

आम्ही वसईकडचे. सत्तरच्या पुढे डार्विन वादळानं उडालं, तेव्हा इथं नर्सही हव्या होत्या आणि सुतारही. तिला बोलावणं आलं, तिच्यामागून मी आलो. मुलंबाळं झाली नाहीत. तिचा बाप बोटीवर होता. बोटीवर म्हणजे मालवाहू जहाजावर, खानसामा. ती एवढीशी असताना तो गेला तो परत आलाच नाही. वर्षभरानं त्याचा एक जहाजी सोबती, कोकणातला मुसलमान, दारात उभा राहिला. म्हणाला, ताप आला, सेतुल नावाच्या बंदरात उतरवलं, तिथंच वारला. आम्हीच पुरला, नदीकाठी, मशिदीमागं. आणि रडत निघून गेला.

मृतांच्या दिवशी आमच्याकडे जो तो आपल्या माणसाच्या कबरीवर फुलं घालतो, मेणबत्त्या लावतो. ज्यांची कबरच नाही ते मधल्या मोठ्या क्रूसाच्या पायथ्याशी लावतात. तिची आई तिथं लावायची. हिला लहानपणी त्याची लाज वाटायची. सगळ्यांचे बाप आपापल्या जागेवर, आणि आपला बाप पायथ्याशी. एकदा त्याच्या स्वतःच्या जागेवर मेणबत्ती लावायची, एवढंच तिला आयुष्यात हवं होतं. दागिना कधी मागितला नाही बाईनं.

ऐंशीनंतर आम्ही निघालो. सेतुल म्हणजे आताचं सातून, थायलंडच्या अगदी खालच्या टोकाला, मलेशियाला चिकटलेलं. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना नाव सांगितलं तर ते म्हणाले, तिकडे कोण जातं? मी वादळात पडलेल्या एका घराच्या तुळईतून गुडघ्याएवढा क्रूस केला, खाली जमिनीत जायला अणकुची काढली आणि पिशवीत घातला.

विमानानं सिंगापूर, मग रेल्वे, मग बस. मलेशियाच्या शेवटच्या किनाऱ्यावरच्या गावातून होडी घेतली. लांब दांड्याची मोटर लावलेली लाकडी होडी. आम्ही दोघं, कांद्याची पोती, कोंबड्यांचा डालगा आणि सारोंग नेसलेल्या बायका. होडी खाडीत शिरली तर दोन्ही काठांना तिवरं, आमच्या वसईचाच चिखल, तोच वास. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "बाबांना वाटलं असेल, घरीच आलो."

मी हात पिशवीखाली लपवले. अंगावर काटा आला होता, तो तिला दाखवायचा नव्हता.

लाकडी चौकीत शिक्का मारून घेतला आणि गावात आलो. मागं चुन्याच्या दगडाचे उभे डोंगर, एक बाजार, दोन रस्ते. मागच्या बाजूला दोन बाकडी ठोकलेली छोटी ट्रक, तीच तिथली बस. हात केला की थांबते. आमची भाषा कुणाला येईना, त्यांची आम्हाला. तीन मशिदी फिरलो. एकीच्या मागं नदी नाही, एकीच्या मागं शाळा, एकीच्या मागं नुसती केळी. ती प्रत्येक ठिकाणी उतरून मागं जाऊन बघून यायची आणि परत बाकड्यावर बसायची.

बाजारात एक म्हातारा तव्यावर रोटी टाकत होता. आमच्याकडे बघून म्हणाला, "बहेन, इंडिया?"

त्याचा आजा पेशावरकडचा. त्याच्याकडे तोडकंमोडकं हिंदी उरलं होतं. तिनं सगळं सांगितलं. त्यानं आम्हाला डब्याच्या गोड दुधाचा चहा दिला, तवा उतरवला, दुकान बायकोवर टाकलं आणि आमच्याबरोबर ट्रकमध्ये चढला.

गावाबाहेर नदीच्या वळणावर जुनी मशीद होती. मागं कबरस्तान. चाफ्याची झाडं आणि साधे दगड, बऱ्याच दगडांवर अक्षर नाही. तो आम्हाला अगदी काठापर्यंत घेऊन गेला. "बोट का आदमी इधर. पहले दो लाइन था." मग नदीकडे हात केला. "अब एक."

काठ कोसळून एक ओळ पाण्यात गेली होती. तिचा बाप उरलेल्या ओळीत होता की गेलेल्या, हे कुणाला ठाऊक?

मी पिशवीतून क्रूस काढला. म्हाताऱ्यानं हात जोडले. "भाई, ये नहीं. ये मुसलमान का जगह."

माझं डोकं फिरलं. "अरे, आमचा माणूस आहे तो! ख्रिस्ताव होता!"

"मालूम. लेकिन हमारा मेहमान है. मेहमान को हम देखेगा ना."

ती मला म्हणाली, "ठेव पिशवीत. त्यांचं घर आहे." मग त्याला विचारलं, मेणबत्ती चालेल का? तो म्हणाला चालेल. कुठल्या दगडाशी लावायची ते कळेना, म्हणून तिनं ओळीच्या मधोमध लावली. नदीवरून वारा येत होता, ज्योत दोनदा विझली. म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून आडवी धरली आणि मेण संपेपर्यंत तसाच वाकून उभा राहिला.

परत येताना होडीत ती म्हणाली, "हा घरी न्यायचा नाही. कबरस्तानात नेलेली वस्तू घरी आणत नाहीत. मागून मेलेलं माणूस येतं."

"मग काय, नदीत टाकू? क्रूस?"

तेही तिला बोलवेना. मी तो टॉवेलात गुंडाळला. डार्विनच्या एअरपोर्टवर लाकूड बघून तपासणीवाला म्हणाला, "हे काय, मेट?" मेट म्हणजे दोस्त, इथं सगळ्यांनाच म्हणतात.

"क्रूस. इथलंच लाकूड आहे. इथून नेलं होतं."

"कुणासाठी?"

"सासऱ्यासाठी."

"मग परत का आणला?"

"जागा मिळाली नाही."

त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं आणि म्हणाला, "नो वरीज."

क्रूस शेडमध्ये कोपऱ्यात उभा केला. महिनाभरानं एका दुपारी शेडमध्ये रंधा मारत होतो, तर सुके बोंबील तळल्याचा वास आला. ती ड्यूटीवर. मी म्हटलं, शेजारी सॉसेज भाजत असतील. पण बोंबील तो बोंबील. वसईचा माणूस त्यात चुकायचा नाही, आणि आमच्या रस्त्यावर गोरे सोडून कुणी राहत नव्हतं. आठवड्यानं ती दारातूनच म्हणाली, "शेडमध्ये कोण रांधतंय?" मी म्हटलं, शेजारी. ती हसली नाही. त्यानंतर ती शेडमध्ये कधी गेली नाही. मी जायचो, काम करायचो, आणि पाठ कोपऱ्याकडे करायची नाही एवढं बघायचो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण वास यायचा. तिचा बाप खानसामा होता, हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि आम्ही कधी एकमेकांना बोलून दाखवलं नाही. आता येत नाही तो वास.

तर त्या दुपारी, चादरी घेऊन पायऱ्या चढताना, तिनं पहिल्यांदा तोंडातून काढलं. "आलेत तर आलेत. किती वर्षं उभं ठेवायचं बाबांना? जागा दे त्यांना."

आत जाऊन तिनं चादरी कपाटात लावल्या. मी चहा टाकला. कप घेऊन गेलो तर ती पलंगाच्या कडेला बसलेली, छातीवर हात. मला म्हणाली, "फोन कर." नर्स ती, तिला कळलं होतं. अँब्युलन्समधली माणसं तिच्या ओळखीची. त्यांनी खूप केलं. दिवे लागायच्या आत ती गेली.

सकाळी फादर यायचे होते, मैत्रिणी यायच्या होत्या. त्याआधी मी शेडमध्ये गेलो. क्रूस काढला, पहार काढली. पावसानं जमीन मऊ झाली होती. आंब्याखाली खड्डा केला. सरळ उभा आहे का बघायला एकानं धरावं लागतं, दुसऱ्यानं लांबून बघावं लागतं. मी गुडघ्यानं क्रूस दाबून धरला, हातानं ओळंबा लावला आणि माती ठोकली.

कुंपणावरून शेजारी म्हणाला, "कळलं, मेट. सॉरी." मग क्रूसाकडे बघून म्हणाला, "तिच्यासाठी?"

"नाही. तिच्या बापासाठी," मी म्हटलं. "तिचा मोठा करायचाय."

मग तिच्या खणातली मेणबत्ती आणली. वारा होता. दोन काड्या फुकट गेल्या. तिसरी लागली तेव्हा मी डोक्यावरची टोपी काढून आडवी धरली.