न पाहिलेल्या सामन्यांची गुणपडताळणी

त्या हिवाळ्यात दर सोमवारी दुपारी ऑफिसात माझं कामात लक्ष नसायचं. सोमवारी कॉलेज बास्केटबॉलची क्रमवारी इंटरनेटवर लागायची. एक ते पंचवीस असे संघ, आणि त्यांच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ, 'याशिवाय मतं मिळालेले संघ'. २००७ सालच्या त्या हंगामात माझ्या लेकीचा संघ सलग सात आठवडे त्या बारीक ओळीत पडून होता. सातही आठवडे मी चष्मा कपाळावर चढवून, स्क्रीनला नाक लावून ती ओळ वाचली आणि सातही आठवडे माझं डोकं फिरलं.

लेक पाच फूट तीन इंच. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत खेळाडू म्हणावा असा कुणी झालेला नाही, त्यामुळे हे वेड हिला कुठून लागलं कोण जाणे. तिचं कॉलेज डेट्रॉईटशेजारच्या आमच्या ट्रॉयपासून गाडीने तीन तासांवर, लहानसं, खेळासाठी शिष्यवृत्ती वगैरे न देणारं. तिचं ते शेवटचं वर्ष होतं. अशा मुलींचा खेळ कॉलेजबरोबर संपतो, पुढे नोकरी आणि शनिवारी जमलं तर जिम. म्हणून राष्ट्रीय स्पर्धेसाठी संघाची निवड होणं तिला हवं होतं. निवड झाली तर निदान एक सामना आणखी खेळायला मिळणार होता. आणि मी तिला शब्द दिला होता की निवड झाली की तो सामना कुठेही असो, मी पहिल्या रांगेत बसलेला असेन. चार दिवसांची रजा मी जानेवारीतच साहेबाकडून कबूल करून घेतली होती, तारखांचा पत्ता नसताना.

एरवीच्या सामन्यांना मी जात नसे. बायको जायची. दर शनिवारी पोळी-भाजीचा डबा आणि चहाचा थर्मास घेऊन बर्फातून एकटी गाडी चालवत जायची. मी पहिल्या वर्षी एकदा गेलो होतो. तेव्हा लेक पूर्ण वेळ बाकावर बसून होती आणि मी तिच्या पाठीकडे बघून परत आलो. त्यानंतर मी ठरवलं की उगाच प्रत्येक सामन्याला धावण्यात अर्थ नाही. घटक चाचणीला कुणाचा बाप शाळेच्या दारात उभा राहत नाही, तो बोर्डाच्या परीक्षेला राहतो. हे मला तेव्हा अगदी पटलेलं होतं.

पण क्रमवारीवर, लेकीच्या भाषेत 'पोल'वर, माझं बारीक लक्ष होतं. ती कशी ठरते हे कळलं तेव्हा मी अक्षरशः खुर्चीतून उठलो. वीस-पंचवीस माणसं, कुणी वार्ताहर, कुणी रेडिओवर सामन्याचं वर्णन करणारा, आपापल्या घरी बसून पंचवीस नावं लिहून पाठवतात आणि त्यांची बेरीज होते. देशभरात शेकडो कॉलेजं. यातल्या एकानेही सगळे संघ खेळताना बघितलेले नसतात, बघणं शक्यच नाही. मग लिहितात कशावरून? गेल्या वर्षी कोण वर होतं त्यावरून. ज्याचं नाव ऐकलंय त्यावरून. वरचा संघ हरला की दोन पायऱ्या खाली आणि खालचा जिंकला की एक पायरी वर, झालं यांचं मूल्यमापन.

मी नागपूरचा. दहावीला बोर्डाच्या गुणवत्ता यादीत माझं नाव थोडक्यात हुकलं. वडिलांनी गुणपडताळणीचा अर्ज केला, पैसे भरले, एकही मार्क वाढला नाही, आणि आम्ही गप्प बसलो. कारण कुणीतरी माझा पेपर वाचला होता. लाल शाईने का होईना, प्रत्येक उत्तरावर कुणाची तरी नजर फिरली होती. आणि इथे पेपर न उघडताच यादी लावतात. डेट्रॉईटच्या गाड्यांसाठी ब्रेकचे भाग तपासण्यात माझी वीस वर्षं गेली. मोजमाप न घेता मी एकही भाग पुढे जाऊ दिलेला नाही. बनवणारा कारखाना नावाजलेला आहे म्हणून मी शिक्का मारला असता तर मला कामावरून काढून टाकलं असतं, आणि बरोबर केलं असतं.

फोनवर लेक वैतागायची.

"बाबा, नोबडी केअर्स अबाउट द पोल. सिलेक्शन कमिटी वेगळी असते. ते पोल बघतच नाहीत."

"बघत नाहीत असं म्हणतात."

"दॅट्स द रूल, बाबा."

"समितीतली माणसं सोमवारी इंटरनेट बंद ठेवतात का?"

"यू आर इम्पॉसिबल. आईला फोन दे."

मग आई आणि लेक अर्धा-अर्धा तास बोलत. मी शेजारच्या खोलीत एक्सेलमध्ये तक्ता भरत बसे. प्रत्येक सामन्याचा गुणफरक, प्रतिस्पर्धी कोण, त्याने कुणाला हरवलं, सगळं. लेकीच्या नावापुढे फारसे गुण दिसत नसत, त्याचं मला थोडं वाईट वाटे. ते मी तिला बोलूनही दाखवलं होतं.

फेब्रुवारीच्या अखेरीस त्यांच्या विभागाचा अंतिम सामना झाला. जिंकणाऱ्याला राष्ट्रीय स्पर्धेत थेट प्रवेश, हरणाऱ्याने समितीच्या मर्जीची वाट बघायची. या मुली एका गुणाने हरल्या. दोन दिवसांनी निवड जाहीर झाली. मी ऑफिसात यादी वरून खाली वाचली आणि मग खालून वर वाचली. नाव नव्हतं. यांच्यापेक्षा जास्त सामने हरलेला एक संघ मात्र होता, आणि तो क्रमवारीत अख्खा हंगाम पंचविसाच्या आत होता. आता मला कुणी सांगावं की क्रमवारी नुसती गंमत असते, तिला कोण विचारतं.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "बाबा, प्लीज, पोलबद्दल बोलू नको." मी फोन बायकोकडे दिला.

दुसऱ्या दिवशी मी अर्ज लिहिला. मतदारांची नावं त्या संकेतस्थळावर होतीच. त्यात आमच्याच राज्यातला, एका छोट्या शहरातल्या वर्तमानपत्राचा क्रीडा वार्ताहर होता. त्याला ईमेल. सन्माननीय महोदय, विषय : गुणपडताळणीबाबत. वडिलांनी बोर्डाला लिहिला होता तसाच, फक्त इंग्रजीत. माझी मुलगी या संघात आहे हे आधीच सांगून टाकलं, मुद्दे क्रमांक घालून मांडले, तक्ता जोडला आणि शेवटी विचारलं की आपण या संघाचे किती सामने प्रत्यक्ष पाहून मत दिलंत ते कृपया कळवावं. पाठवल्यावर फार बरं वाटलं. आता बघू काय उत्तर देतो, असं मी बायकोला दोनदा म्हणालो. तिने दोन्ही वेळा फक्त "हं" केलं.

शनिवारी दुपारी उत्तर आलं. मला वाटलं होतं तो उडवाउडवी करेल. त्याने लिहिलं होतं की तुमचं बरोबर आहे. मी त्यांचा एकही सामना पाहिलेला नाही. आमच्या पेपरात आम्ही दोघंच आहोत आणि जिकडे पाठवतील तिकडे जावं लागतं. मी निकाल वाचून मत देतो आणि ते मला स्वतःलाही आवडत नाही. तक्ता उत्तम आहे, पण त्यात जे आहे ते मला निकालांमधूनही कळत होतं. तुम्ही या संघाला नक्कीच जवळून पाहिलंय. या मुली कशा खेळत होत्या? तुमची मुलगी कशी खेळते? माझं काय बघायचं राहून गेलं ते लिहाल का?

मी लगेच लिहायला बसलो. 'माझी मुलगी' एवढं टाइप केलं. पुढे 'खूप मेहनती' लिहिलं आणि खोडलं, ते कुणीही कुणाबद्दल लिहितं. तिची जागा कुठली ते मला माहीत होतं, निकालात छापलेलं असायचं. पण ती धावते कशी, चेंडू कुठल्या हाताने आणते, हरल्यावर काय करते? माझ्यापाशी तिच्या पाठीशिवाय काही नव्हतं. चार वर्षं मी त्या वार्ताहराइतकंच पाहिलं होतं. त्याला निदान नोकरीचं कारण होतं.

बायको स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. शनिवार असून घरी होती. मी तिला पत्र वाचून दाखवलं आणि काय लिहू म्हणून विचारलं. तिने जुडीवरून नजर काढली नाही.

"ती डावीकडे निघाल्यासारखं करते आणि थांबते," ती म्हणाली. "समोरची पोरगी पुढे निघून जाते. मग हिला मोकळं मिळतं, तरी स्वतः टाकत नाही, आणखी मोकळी असेल तिला देते. म्हणून तुमच्या तक्त्यात तिच्या नावापुढे काही दिसत नाही. समोरची कुणी पडली तर हात देऊन उठवते, आपली असो की त्यांची. आणि फ्री थ्रोच्या आधी डोळे मिटून ओठ हलवते. मला वाटायचं देवाचं नाव घेते. विचारलं तर म्हणाली, पाढा म्हणते. एकोणतीसचा. बाबाने गाडीत शिकवला होता तो."

मी परत येऊन ते सगळं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. शेवटी खरं ते लिहिणं भाग होतं. वरील माहिती माझ्या पत्नीने पाहिलेली आहे, मी पाहिलेली नाही. तुमच्यावर जो आरोप केला तो मलाही लागू आहे, असं लिहून खाली सही केली आणि पाठवून दिलं. क्रमवारीवरचा राग अजून गेलेला नाही, आणि जाऊही नये. न बघता कुणाला नंबर देणं हे पाप आहे, मग ते कुणीही करो.

मग मी लेकीला फोन केला. पोलबद्दल बोलणार नाही असं आधीच सांगितलं.

"आता कुठे एखादी मॅच आहे का ग?" मी विचारलं. "साधी प्रॅक्टिस तरी? माझ्याकडे चार दिवस रजा आहे. मी येतो."



"नाही बाबा," ती म्हणाली. "जर्सी धुऊन परत दिली काल."