बारा पानांची तिथी

पौष शुद्ध द्वितीयेला मी मठाच्या ओसरीवर स्वामींसमोर शंभर रुपये ठेवले. आई आणि मठाचा आचारी तिथे होते. तंजावरचे राज्य खालसा झाल्यावर वडिलांची वाड्यातली चाकरी गेली. त्यांच्यामागे उरलेली सगळी शिल्लक ती एवढीच. ठरले असे, की दर माघात त्यांच्या तिथीला मठात बारा ब्राह्मण जेवतील, कायमचे. अट एकच: दात्याने पंगत पाहू नये, पुण्य उणे होते. आईने मंत्र स्वामींकडूनच घेतलेला. तिने मान डोलावली. घरचे श्राद्ध आम्ही बंद केले.

नवव्या वर्षी तिने वडिलांच्या आवडीची आल्याची चटणी केली. "पंगत नाही बघत. मागच्या दारी आचाऱ्याला देऊन येऊ."

मागच्या दारी पापनाशम गावची एक म्हातारी दह्याचे मडके घेऊन उभी होती. "आज आमच्या ह्यांची तिथी. बारा पानं असतात."

मी आचाऱ्याला विचारले, "आज एकंदर पाने किती?"

"बारा."

"आणि तिथ्या?"

तो खाली बघत म्हणाला, "पाच, अय्या."

मी तसाच स्वामींकडे गेलो. ते शांतपणे म्हणाले, "अन्न एक, संकल्प पाच. हिशेब पितरांना लागत नाही, तुम्हाला लागतो."

घरी येऊन आईने जपमाळ कोनाड्यात ठेवली. "नऊ वर्षं ते उपाशी राहिले रे. आणि मंत्र या स्वामींचाच. आता कुठल्या तोंडानं म्हणू?"

मी कचेरीत फिर्याद करणार होतो. "गुरूला कोर्टात ओढू नकोस," एवढेच ती म्हणाली. आचाऱ्याला मात्र स्वामींनी त्याच आठवड्यात काढले.

नऊ वर्षांची एकशे आठ पाने होत होती. चैत्रात आम्ही ती घरी वाढली, तीन पंगतींत. रांधायला तोच आचारी होता. आई दारात उभी राहून प्रत्येक पान मोजत होती. संध्याकाळी मला वाटले, आता माळ घेईल. तिने घेतली नाही.

स्वामींकडून एक पैसाही परत आला नाही. आचाऱ्याला मी मजुरीचे तीन रुपये दिले. तो खरे बोलला म्हणून आईने आपला एक रुपया वर ठेवला. त्याने तो उचलून तिच्यापुढे सरकवला.

"अम्मा, नऊ वर्षं मीच वाढत होतो."

त्याने तीनच नेले.