बावीस नंबरचा रनिंग बॅक

आखाती युद्धात आमच्या घराची जी काही अब्रू गेली, ती एकाही क्षेपणास्त्राने घालवली नाही. ती अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलांमुळे गेली, आणि त्या दोघांना हुफूफ नावाचं गाव पृथ्वीच्या पाठीवर आहे याचा पत्तासुद्धा नव्हता!

आम्ही तेव्हा सौदी अरेबियात हुफूफला एका खासगी इस्पितळाच्या आवारात राहत होतो. आमचे हे, म्हणजे सुधाकर देवधर, तिथे एक्स-रेपासून जनरेटरपर्यंत सगळी यंत्रं दुरुस्त करायचे. मी मिरजेहून आलेली गृहिणी. माझ्याकडे दुरुस्तीला फक्त हे होते. (ते काम अजून चालू आहे.) यांच्या हातात जादू होती, पण तोंडात एकच शब्द होता, 'बघू'. तूरडाळ घ्यायची की मूगडाळ? बघू. सुट्टीत मिरजेला जायचं की इथेच राहायचं? बघू. लग्नाला होकार द्यायलाही यांनी पाच महिने घेतले होते, आणि तोही सासूबाईंनी दिला होता.

यांचे साहेब डॉसन नावाचे उंच, लालबुंद अमेरिकन. त्यांना 'सुधाकर देवधर' काही केल्या म्हणता येईना. शेवटी त्यांनी सगळ्यांना क्वार्टरच्या नंबरांनी हाका मारायला सुरुवात केली. आमचं क्वार्टर बावीस, म्हणून हे बावीस. आमचे शेजारी रत्नागिरीकडचे परकारभाई अँब्युलन्सचं गॅरेज सांभाळायचे, ते चौतीस. मी मिसेस बावीस. नवऱ्याचं आडनाव लावायची मला सवय होतीच, आता नंबर लावला!

जानेवारी उजाडला तसं आवारात दुसरं काही बोलणंच उरलं नाही. लढाई होणार का, गॅस मास्क दाढीवर बसतो का, आणि कोण कोण घाबरून भारतात परत पळणार! पळणाऱ्यांचं काँट्रॅक्ट खलास होणार, अशी बातमी होती. यांचं काँट्रॅक्ट मार्चमध्ये संपत होतं. आमची मीनल पाचवीत. माझा जीव त्या काँट्रॅक्टच्या कागदात अडकला होता, आणि म्हणून बायकांच्या भिशीत मी ठणकावून सांगून टाकलं होतं, "देवधर पळणाऱ्यांतले नव्हेत!"

अशात एका सकाळी हे डबा विसरून गेले. मी अंगावर काळा अबाया चढवून तो द्यायला निघाले. डॉसनसाहेबांच्या ऑफिसचं दार अर्धं उघडं होतं. (पूर्ण बंद असतं तरी मी थांबले असते, हे कबूल करते.) आत अमेरिकन लष्करातला एक डॉक्टर बसला होता. जखमींसाठी इथे किती खाटा मिळतील ते बघायला तो अधूनमधून यायचा. डॉसनसाहेब त्याला सांगत होते, "टू रनिंग बॅक्स! ट्वेंटी-टू अँड थर्टी-फोर!"

रनिंग म्हणजे पळणारे. बॅक म्हणजे परत. परत पळणारे दोघं, बावीस आणि चौतीस! माझं शिक्षण मराठी माध्यमातलं असलं तरी एवढं इंग्रजी मला नक्की येत होतं.

"बावीस कसा आहे?" लष्करी डॉक्टरने विचारलं.

"हात उत्तम. हातातून कधी काही निसटत नाही," साहेब म्हणाले. (खरं आहे, मी मनात म्हटलं. बारा वर्षांत एक कप फुटला नाही यांच्याकडून.) "पण नाचतो फार! समोर वाट मोकळी असते आणि हा आपला इकडे जाऊ की तिकडे जाऊ करत बसतो. आणि पहिला धक्का बसला की आडवा!"

"आणि चौतीस?"

"बुटका आहे, पण मांड्या बघ त्याच्या! तिघांनी धरला तरी थांबत नाही. ड्राफ्टमध्ये तो पहिल्या फेरीत जाणार. प्रो होणार तो चौतीस. बावीस आपला कॉलेजपुरता ठीक."

ड्राफ्ट म्हणजे कच्ची यादी, हे तर माझ्या वडिलांच्या कचेरीत शिपायालाही माहीत होतं. कॉलेज म्हणजे यांचा डिप्लोमा. आणि प्रो म्हणजे उघडच होतं, प्रमोशन! म्हणजे पळपुट्यांच्या यादीत दोघांची नावं, पण प्रमोशन एकट्या परकारभाईंना! खरं सांगते, नवरा पळपुटा ठरला याचं दुःख मला झालंच. पण पळपुटेपणातही त्याचा दुसरा नंबर लागावा, हे मला अजिबात सहन झालं नाही.

घरी आले आणि एकदम आठवलं, गेला महिनाभर यांनी पलंगाखाली एक बॅग ढकलून ठेवली होती. ओढून बघितली तर कुलूप! टेबलाचा ड्रॉवर उघडला तर आत एक फॉर्म. सगळा अरबी, पण वर इंग्रजीत ठळक 'एक्झिट', म्हणजे देश सोडायचा परवाना! खाली सहीची जागा कोरी. तर साहेबांचं खरं होतं! हे पळणार होते, आणि त्यातही त्यांचं 'बघू' चाललं होतं. यांना विचारण्यात अर्थ नव्हता, काय उत्तर येणार ते ठाऊक होतं. मी ठरवलं, यांना न सांगता यांना वाचवायचं.

डबा माझ्याकडेच राहिला होता, म्हणून दुपारी हे घरी जेवायला आले.

"अहो, तुमचे हात उत्तम आहेत," मी सुरुवात केली.

हे घास हातात धरून थांबले. बारा वर्षांत पहिल्यांदाच कौतुक होत होतं. "कोण म्हणालं?"

"ते राहू द्या. पण परकारभाईंच्या मांड्या तुमच्यापेक्षा चांगल्या आहेत."

"आई!" मीनल किंचाळली. "प्लीज! आय ॲम ईटिंग!"

"उद्यापासून नाचायचं नाही," मी यांना बजावलं. "कुणी काही विचारलं की ताबडतोब हो किंवा नाही. आणि धक्का बसला तरी पडायचं नाही. ताठ उभं राहायचं."

"बघू," हे म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी परकारांकडे पुदिना मागायला गेले. परकारभाई लुंगी गुडघ्यापर्यंत दुमडून दारात सायकलचं पंक्चर काढत होते. साहेब काय बोलले त्याची शहानिशा करावी म्हणून मी जरा नीट निरखून बघितलं. परकारभाईंनी घाईघाईने लुंगी घोट्यापर्यंत सोडली.

"काय वो वैनी, काय बगताव?"

"काही नाही. पुदिना आहे का?"

आतून त्यांच्या बायकोने, जैनबभाभींनी, पुदिना दिला. पण दिला तो दारातूनच, आणि दार लगेच लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात भोंग्याची रंगीत तालीम होती. भोंगा वाजला की सगळ्यांनी मास्क चढवून तळघरात पळायचं आणि परकारभाईंच्या माणसांनी स्ट्रेचर घेऊन धावायचं. आवारातल्या बायकांनाही बोलावलं होतं. भोंगा झाला. डॉक्टर पळाले, नर्सेस पळाल्या, ज्याचा पाय प्लास्टरमध्ये होता तो पेशंटही पळाला. हेही वळले, तेवढ्यात मी मास्कमधून ओरडले, "अहो, पळू नका! साहेब बघताहेत!"

हे थांबले. तळघराकडे एक पाऊल टाकलं, माझ्याकडे एक टाकलं, परत तळघराकडे एक. साहेब म्हणाले होते तस्से, भर कॉरिडॉरमध्ये नाचत होते! आणि त्याच वेळी समोरून परकारभाई स्ट्रेचर ढकलत आले. मध्ये दोन वॉर्डबॉय होते, एक खुर्ची होती, पण तो माणूस कशाला म्हणून थांबेना. "यल्ला! यल्ला!" (चला, चला!) करत ते सरळ यांच्यावर येऊन आदळले. पहिलाच धक्का. हे आडवे!

आडवे झाले ते स्ट्रेचरवरच झाले, म्हणून परकारभाईंनी वेग कमी न करता यांना तसंच तळघरात नेलं. डॉसनसाहेब कपाळाला हात लावून उभे होते. आता सगळं संपलं, असं मला वाटलं.

त्या दिवशी मी बेसनाचे लाडू एका डब्यात भरले, ड्रॉवरमधला फॉर्म पर्समध्ये घातला आणि थेट साहेबांच्या ऑफिसात गेले. तिथे तो लष्करी डॉक्टरही होता. बरंच झालं, यादी ज्याच्यासमोर वाचली गेली त्याच्यासमोरच निकाल लागेल!

"सर," मी इंग्रजीत सुरू केलं, "माझा नवरा रनिंग बॅक नाही!"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "नाही," डॉसनसाहेब सावकाश म्हणाले. "मलाही तसं कधी वाटलं नाही."

"तो नाचतो, मान्य. पण हात उत्तम आहेत, तुम्हीच म्हणालात. त्याने फक्त एकच बॅग भरली आहे, सर. आणि हा बघा एक्झिटचा फॉर्म. सही केलेली नाही! करणारही नाही, त्याला कधीच काही ठरवता येत नाही! थर्टी-फोरला प्रो करा, पण ट्वेंटी-टूचं नाव ड्राफ्टमधून काढा!"

मग तो लष्करी डॉक्टर टेबलावर डोकं टेकून हसायला लागला. डॉसनसाहेबांनी एक व्हिडिओ कॅसेट मशीनमध्ये घातली. पडद्यावर खांद्यांवर उशा बांधलेले बावीसएक दांडगट एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. त्यातला एक लांब पायांचा, पाठीवर २२. दुसरा बुटका, जाडजूड, पाठीवर ३४. दोघं दोन कॉलेजांचे खेळाडू. धंदेवाईक म्हणजे प्रो संघ कॉलेजातले खेळाडू निवडून घेतात, त्या निवडीला ड्राफ्ट म्हणतात, आणि त्यात दोघांतला कोण पुढे जाईल, यावर या दोन अमेरिकनांचा आठवडाभर वाद चालला होता. चेंडू घेऊन पळणाऱ्याला म्हणे रनिंग बॅक म्हणतात.

"हा फुटबॉल आहे," साहेब म्हणाले.

"पण चेंडू तर हातात आहे!" मी म्हटलं. एवढी नामुष्की झाल्यावरही मला गप्प बसवेना.

"मिसेस बावीस," साहेबांनी एक लाडू उचलला, "ते राहू द्या. ही बॅग आणि हा फॉर्म, हे काय आहे?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. साहेबांना यातलं काहीही माहीत नव्हतं! नवऱ्याविरुद्धची एकमेव चुगली मी स्वतः, तुपातल्या लाडवांसकट, त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली होती. यांना बोलावणं गेलं. फॉर्म अरबीत, म्हणून तो वाचायला परकारभाईंनाही बोलावलं. हे आले, कपाळाला सकाळची पट्टी. फॉर्म बघून खाली मान घालून उभे राहिले. माझे डोळे भरून आले. मीच यांची नोकरी घालवली होती.

परकारभाईंनी कागद लांब धरून वाचला, परत वाचला, आणि माझ्याकडे वळले. "वैनी, ह्यात देवधरचा नाव नाय. तुमचा हाय, नि मीनलचा. हा हितंच ऱ्हानार हाय."

बॅगेत माझ्या चार साड्या, मीनलची पुस्तकं आणि मिरजेच्या थंडीसाठी दोघींचे स्वेटर आहेत, हे यांनीच सांगितलं.

"मग महिनाभर सही का केली नाहीत?" मी विचारलं.

"तुम्ही दोघी गेल्यावर घरात बोलणार कोण, ते बघत होतो," हे म्हणाले.

डॉसनसाहेबांनी पेन पुढे केलं. यांनी ते घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका सेकंदात निर्णय घेतला. सही! मी रडले, भांडले, "मी नाही जाणार" म्हणून परकारभाईंसमोर थयथयाट केला. त्या आठवड्याअखेर मी आणि मीनल विमानात होतो. चार दिवसांनी लढाई सुरू झाली. मिरजेत रेडिओला कान लावून मी किती देव पाण्यात ठेवले, ते मोजलेले नाहीत.

मार्चमध्ये यांचं काँट्रॅक्ट वाढलं. उन्हाळ्यात यांचं पत्र आलं, की धंदेवाईक संघांच्या निवडीत बावीस पहिल्याच फेरीत गेला आणि चौतीसचा गुडघा दुखावला. मी शेजारी पेढे वाटले. कशाचे म्हणून विचारलं तर, "आमचा बावीस पास झाला!"

जूनमध्ये आम्ही हुफूफला परतलो, तेव्हा आवाराच्या फाटकाशी डॉसनसाहेब उभे होते. त्या सबंध आवारातून युद्धाला घाबरून पळालेली बाई एकच निघाली होती, देवधरांच्या घरातली, तीच भिशीत ठणकावून बोलणारी. साहेबांनी माझी बॅग उचलून घेतली, दात दाखवत हसले आणि म्हणाले, "वेलकम, रनिंग बॅक!"

आणि ते इंग्रजी मला पहिल्या झटक्यात, बिनचूक समजलं.