ए बाई, सरक

रिंकू टँकरच्या चिखलात पाठीवर पडली होती आणि आमच्या गल्लीतल्या बायका आपापले हंडे सांभाळत होत्या. तिला सातवा महिना. पाणमोट फुटली होती. "नाटक करून राह्यली," कोणीतरी म्हणालं. टँकरचा पाइप सुटून पाणी रस्त्यावर वाहायला लागलं तेव्हा मात्र सगळ्या एकदम ओरडल्या.

नाना, तू गावाकडून फोनवर विचारतोस, "अक्का, आता तू जालन्याचीच झालीस न्हाई का?" शांता, तूही पुण्याहून तेच विचारतेस. दोघा भावंडांना एकदाच सांगते.

लग्नानंतर मी तीर्थपुरीहून निघाले तेव्हा एसटीत बोचकं मांडीवर होतं आणि पितळी हंडा पायाशी. ह्यांना जालन्याच्या मोंढ्यात हमाली मिळाली होती. आई रडली नाही. खिडकीशी येऊन म्हणाली, "कोनी हाक मारली तर ओ द्यायची. घुम्यावानी बसायचं न्हाई." मी ओ देत राहिले. नळावर हाक यायची, "ए तीर्थपुरीवाली, तुझा हंडा मागं!" मी ओ द्यायची आणि हंडा मागे न्यायची. आता केस पिकले, नातवंडं झाली, तरी मी तीर्थपुरीवालीच. पुढे फक्त काकू लागलं. "त्या मूळच्या इथल्या न्हाईत," असं शेजारची कमल अजून सांगते. कमल परतूरची. समोरचे अंबडचे, कोपऱ्यावरचे शहागडचे. गल्लीत मूळचं जालन्याचं म्हणाल तर एक लिंबाचं झाड आहे.

रिंकू बिहारची. नवरा सळयांच्या कारखान्यात भट्टीवर. ही राहायला आली आणि गल्लीत एकच बोलणं सुरू झालं, मिजासखोर आहे, हाक मारली तर बघत नाही. मलाही राग आला होता. एक दिवस मी दारातून हाक मारली, "बाई, तुमचं कापड उडालं." तिनं तोंड फिरवलं. मग जवळ येऊन म्हणाली, "काकी, हम बाई नहीं हैं. हम किसी के घर बरतन नहीं माँजते." तिच्याकडे बाई म्हणजे मोलकरीण.

मी हे कमलला सांगितलं. ती उसळली, "आपून शाळेतल्या बाईला बी बाईच म्हनतो की! मंग हिला काय म्हनायचं, राणीसाहेब?"

"नाव घे तिचं. रिंकू."

"माझं नाव कोन घेतं इथं?"

एवढ्याशा शब्दाचं असं झालं. पाणी आठ-आठ दिवस येत नाही, टँकर आला की माणूस माणसाला ओळखत नाही. त्या दिवशी कमल म्हणाली, "ए बाई, सरक." रिंकू हलली नाही. कमलनं पायानं तिचा ड्रम लोटला, ती धरायला वाकली आणि घसरली.

मी किती ओरडले ते मलाच माहीत. कमलच्या पोराची रिक्षा दारातच उभी होती.

"सीट खराब व्हईल," कमल म्हणाली.

"मंग धू."

"कोन्या पान्यानं, काकू?"

"तुझ्या ड्रममधल्या!"

तशी ती स्वतःच आधी रिक्षात चढली. रिंकूचं डोकं तिच्या मांडीवर. सरकारी दवाखाना येईपर्यंत कमल तिच्या गालावर थापट्या मारत होती, "ए बाई, डोळे उघड. बाई, ओ दे ना गं!" आणि त्या वेळी रिंकूनं ओ दिली. बारीक आवाजात, पण दिली.

कमल बदलली वगैरे म्हणू नका. पुढच्या टँकरला पुन्हा "हे भय्ये लोक" सुरूच होतं. मी मात्र बदलले. कोणी तीर्थपुरीवाली म्हटलं की आता ओ देत नाही. पार्वती म्हणा. नाना, तुलाही सांगते, मी गावी आले की तुझ्या घरात "जालन्यावाली आली" म्हणतात, ते बंद कर. इकडेही पाव्हणी, तिकडेही पाव्हणी, हे आता पुरे. जिथं नावानं हाक मारतील ते माझं घर.

आणखी एक. आमच्या गल्लीतली सगळी लेकरं आईच्या माहेरी जन्मलेली, परतूरला, अंबडला, माझी तर तुमच्याच ओसरीवर. रिंकूचं माहेर लांब पडलं, ती त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. गल्लीत जालन्यात जन्मलेली अशी तिची पोरगीच एकटी.

महिनाभर ती काचेच्या पेटीत होती. पोरगी वाचली. रिंकूही वाचली.