उंचीत न बसलेला सुलतान

माझं पहिलं पोस्टिंग एका लष्करी रुग्णालयात झालं. मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, रँक लेफ्टनंट, साल एकोणीसशे त्र्याहत्तर. कुंपणापलीकडे लष्करी कुत्र्यांचं युनिट होतं. ड्यूटी संपली की मी तिकडे जाऊन उभी राहायची. माणसांशी बोलायला मला वेळ लागतो. कुत्र्यांना त्याचं काही वाटत नाही.

तिथे सुलतान नावाचा अल्सेशियन होता. त्याची भावंडं मोठी होऊन ट्रेनिंगला गेली. हा मांजरापेक्षा जेमतेम मोठा राहिला. अंगावर पिल्लाची मऊ लव, तीही मानेवरून जायला लागलेली. युनिटच्या व्हेटर्नरी कॅप्टननी मला कारण सांगितलं.

"सिस्टर, मेंदूखालची ग्रंथी नीट काम करत नाही. वाढीचं हार्मोन नाही. आईबाप दोघांकडून आलेला दोष आहे. हा जन्मभर पिल्लूच दिसणार."

"औषध?"

"वाढीसाठी नाही. त्याच ग्रंथीमुळे थायरॉईड मंद आहे, त्याच्या गोळ्या आहेत. रोज द्यायच्या. बंद करायच्या नाहीत."

सुलतान रिजेक्ट झाला. रिजेक्ट कुत्र्याचं पुढे काय होतं, हे मी विचारलं नाही. त्याला मागून घेतलं आणि रजेवर जाताना गावी नेलं.

आमचं गाव कराडच्या खाली, कृष्णाकाठी. घरटी एक फौजी. माझे वडील, आबा, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, म्हणजे हुद्द्यानं माझ्या खाली. रोज सकाळी ते गावातल्या पोरांना भरतीसाठी तयार करत. देवळाच्या भिंतीवर भरतीच्या उंचीची खडूची रेघ होती. ज्याचं डोकं रेघेला लागत नसे, त्याला दूध, अंडी आणि कडुलिंबाच्या फांदीला लटकणं, असा शिरस्ता होता. मी लहानपणापासून पाचगणीच्या इंग्रजी शाळेत, बोर्डिंगला. आबांची आणि माझी ओळख सुट्टीपुरतीच होती.

आबांनी सुलतानला उचलून पुढून-मागून पाहिलं.

"आगं, ह्ये अल्सेशियन हाय का ससा?"

"आजार आहे आबा. उंची वाढणार नाही."

"कोन म्हनतंय? अशी कैक पोरं मी रेघंला लावल्यात."

मी गोळ्यांचा डबा आईकडे दिला, डोस दोनदा समजावला आणि ड्यूटीवर परतले. आईची पत्रं यायची. सुलतान पोरांबरोबर पळतो, परेडला सगळ्यांच्या पुढे बसतो, एका वळूवर भुंकून आला, वळूला ते कळलंच नाही. पत्रं मी वॉर्डमध्ये वाचून दाखवायची. पेशंट जवान विचारायचे, "मॅडम, सुलतानची काय खबर?" माझ्याशी कुणी इतकं बोलण्याची ती पहिलीच वेळ.

पुढच्या डिसेंबरात रजा मिळाली. सकाळी आठच्या सुमारास घरी पोचले. सुलतान दारात आला नाही. चुलीजवळच्या पोत्यावर पडून होता. हाक मारली, शेपटीचं टोक हललं. हिरड्या पांढुरक्या, नाडी मंद, अंग गार. थर्मामीटरचा पारा वर चढेना. फळीवरचा, मी दिवाळीआधी पोस्टानं पाठवलेला नवा डबा उघडला. जवळजवळ भरलेला होता.

"आबा, गोळ्या?"

"बंद केल्या. माझाच हुकूम, तुज्या आईला बोलू नगंस. गोळ्यांनीच वाढ खुंटलीया त्येची. दूध, अंडी, खिमा, समदं दिलं. दर रविवारी भिंतीला लावून मोजतोय. पन जरा मंदावलाय. थंडी हाय."

मला त्यांच्याशी वाद घालता येत नसे. "विटा तापवायला हव्यात," मी हळू आवाजात म्हणाले.

"आगं, दम धर. रात्री दूध पाजलंय. उठंल."

सुलतानचा श्वास लांबत होता. मी उठून उभी राहिले. वॉर्डातला आवाज घरात कधी काढला नव्हता, तो निघाला.

"सुभेदार साहेब! चार विटा गरम करा. पोत्यात गुंडाळून आणा. घोंगडं आणा. ताबडतोब!"

आबांच्या टाचा जुळल्या. "येस मॅडम!"

ते धावले. स्वतःच्या स्वयंपाकघरात त्यांना विटा कुठे असतात हे माहीत नव्हतं, तरी धावले. आई पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. ती हसते आहे की रडते आहे, ते मला कळलं नाही.

तासाभरात अंगात थोडी ऊब आली. घोंगड्यात गुंडाळून आम्ही सांगलीची एसटी पकडली. कंडक्टरनं आत डोकावलं.

"आवं, पिल्लू आजारी हाय व्हय? किती दिसाचं?"

"दोन वर्साचं," आबा म्हणाले.

"सुभेदार, सकाळी सकाळी चेष्टा करताय गरिबाची!"

सांगलीतल्या जनावरांच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं. गोळी आज अर्धी, चार दिवसांनी पूर्ण, आणि पुन्हा थांबवलीत तर माझ्याकडे आणू नका, असं बजावलं. आबा टोपी हातात धरून उभे होते.

"डाक्टर, खरं सांगा. किती इंच वाढंल?"

"एकही नाही, सुभेदार. पण जगेल."

आबांनी सुलतानच्या अंगावरचं घोंगडं सारखं केलं. मग टोपी डोक्यावर ठेवली. "मग ऱ्हाऊ दे. जगू दे तेवढा."

तिसऱ्या दिवशी सुलताननं आबांची चप्पल पळवली. त्यानंतर गोळी आबाच देऊ लागले, गुळाच्या खड्यात दाबून. कुणी कुत्र्याच्या उंचीवरून हसलं, की त्याला मैदानाला दोन जादा चकरा पडत.

सुलतान पाच वर्षांचा होऊन गेला. मूत्रपिंडं थकली, हेही त्याच आजारातून येतं. तोवर मी सर्व्हिस सोडून घरी आले होते. एका सकाळी तो आबांच्या पायाशी झोपला आणि उठला नाही.

आम्ही त्याला उसाच्या बांधावर पुरलं. माती सारखी करून आबा सावधान उभे राहिले. मीही राहिले. मग ते परेडच्या आवाजात, एकेक थांबून, बोलले.

"शिपाई महादू. शिपाई किसन. नाईक दत्तू. लान्स नाईक बाबू." जरा थांबले. "सुलतान."

पहिले चौघे त्यांच्या प्लाटूनमधले, लढाईतून परत न आलेले. ती नावं मी आमच्या घरात कधी ऐकली नव्हती. विश्राम म्हणायचं आम्हा दोघांनाही सुचेना. तसेच उभे होतो. शेवटी आईच बांधाच्या टोकावरून म्हणाली, "आवं चला आता. च्या निवतोय."